रिकामी आलेली गाडी

माझ्या धाकट्या दिराइतक्या गाड्या तेव्हाच्या औरंगाबादेत कोणाकडंच नसतील, आणि त्यातल्या एकीतही माणूस बसू शकत नव्हता. ट्रक, ट्रॅक्टर, रोडरोलर, सगळं प्लास्टिकच्या ठोकळ्यांचं. अंगावर टिकल्या असलेले, एकमेकांत दाबून बसवायचे ते ठोकळे. आमच्या मुकुंदवाडीच्या घराशेजारी सलमाआपा राहायच्या. त्यांच्या कुवेतच्या भावानं भाच्यांसाठी पेटी आणली, भाचे दोन दिवसांत कंटाळले आणि आपांनी ती उचलून आमच्या भावोजींना दिली. सरकारी कचेरीतला तीस वर्षांचा कारकून त्या दिवशी फरशीवर पालथा पडला तो पडलाच. पुढं दर खेपेला कुवेतहून आपांसाठी अत्तर आणि भावोजींसाठी बोटभर मोटार, बॅटरीचा डबा, दातेरी चाकं असं काहीबाही येऊ लागलं. भिंतीपलीकडून धडाड आवाज ऐकू गेला की आपा विचारायच्या, "क्या वहिनी, देवरजी का ट्रक फिर उलटा क्या?"

जेवताना ते उजव्या हातानं भाकरी मोडायचे आणि डाव्या हातानं चाक फिरवून बघायचे. रस्त्यात एखादा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट मागं घेताना दिसला, की तो पूर्ण मागं जाईपर्यंत हे सायकल धरून उभे. कचेरीत लेटमार्क. नवी गाडी करायची तर ठोकळे कमी पडायचे, म्हणून जुनी मोडायची. महिनाभर खपून केलेला रोडरोलर ते शेंगा सोलाव्यात तसे सोलून काढायचे, आणि चेहऱ्यावर काही नाही. मलाच वाईट वाटायचं. पण मी तेव्हा फार विनोदी होते, म्हणजे असं माझंच मत होतं. वाईट वाटलं की मी चेष्टा करायची.

एकदा वैजापूरला मुलगी बघायला गेलो. मुलीचे वडील कांद्याचे अडते, माणूस भारदस्त. त्यांनी विचारलं, "मुलाला नाद काय?" आम्ही कोणी तोंड उघडायच्या आत भावोजींनी खिशातून चार चाकांचं एक पिल्लू काढून टीपॉयवर सोडलं. ते घरघरत गेलं आणि वडिलांच्या पोह्यांत शिरलं. आतून मुलीचं हसू फुटलेलं मी ऐकलं. येताना एस.टी.त विचारलं, "मुलगी कशी वाटली, भावोजी?" खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्यांचा टीपॉय एका अंगाला कललाय वहिनी, नायतर गाडी सरळ गेली असती."

नकार आला. ही गोष्ट मी पोहे, घरघर, सगळ्या नकलांसकट अख्ख्या गल्लीला सांगितली. त्यानंतर त्यांनी कुठं मुलगी बघितली नाही. माझ्या नकलांचा त्यात किती वाटा, ते मी आजवर त्यांना विचारलेलं नाही.

मग सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. जिची हाक मुकुंदवाडी स्टेशनावर ऐकू जावी, अशी ती बाई. आता नुसता डावा हात हलायचा. आमचे हे फर्दापूरला नोकरीला, शनिवारी यायचे. भावोजी दिवसभर कचेरीत. घरात त्या आणि मी, मध्ये एक खोली. त्या डाव्या हातानं खाटेवर थापटायच्या, आणि माझ्याकडं स्टोव्हचा फर्राटा नि वर रेडिओ. एका दुपारी त्या चार तास ओल्या कपड्यांत पडून राहिल्या. मी आत लायब्ररीची कादंबरी वाचत होते. नायिकेचे हाल वाचून रडतही होते.

संध्याकाळी भावोजींनी आईची चादर बघितली. ट्रक, ट्रॅक्टर, होत्या नव्हत्या तेवढ्या गाड्या एका बैठकीत मोडल्या आणि एकच गाडी करायला घेतली. आईच्या खाटेजवळून निघून थेट स्वयंपाकघरात यायची अशी. मध्ये उंबरा. गाडी उंबऱ्याला धडकायची नि उलटी पडायची. दुसऱ्या दिवशी विचारतात, "वहिनी, उंबरा थोडा तासला तर चालंल का?"

"उंबरा तासताय? त्यापेक्षा मलाच तासा!" मी म्हटलं. हळदीकुंकू लावलेला माझा उंबरा, कुठल्या खेळण्यापायी तासू द्यायचा?

त्यांनी चाकं काढून रबरी पट्टे बसवले. आठव्या दिवशी गाडी उंबऱ्यावर चढली, वर जरा डुलली आणि अलीकडं उतरली. भावोजी पालथ्याचे उठून बसले. "चढली! आई, चढली!" सासूबाईंच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं.

गाडीमागं लांब वायरचं शेपूट होतं, आणि कळ सासूबाईंच्या डाव्या हाताखाली. पुढं दाबली की गाडी माझ्याकडं, मागं ओढली की परत. खाटेखाली हात सोडून त्या गाडीत काहीतरी ठेवायच्या. फुलपात्र असलं तर पाणी, गोळ्यांची पट्टी असली तर औषध, रुमाल असला तर कपडे बदलायचे. महिनाभर असं छान चाललं. ज्या तोंडानं मी पोह्यांची गोष्ट सांगितली, त्याच तोंडानं आता "आमच्या भावोजींची गाडी" म्हणून मिरवत होते.

एका दुपारी गाडी रिकामी आली. मी बघितलं, काहीच नाही. आता आपल्याकडं रीत अशी, की शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत द्यायची नाही, चिमूटभर साखर तरी घालायची. मी गाडीत साखर घातली. गाडी गेली आणि साखरेसकट परत आली. वाटलं, गोड नको असेल. केळं कुस्करून वाटीत ठेवलं. तेही परत आलं. मग मऊ शिरा केला, वर बदाम किसून. म्हातारीच्या जिभेला काय हवंय ते माझ्याशिवाय कोण ओळखणार! खोलीत जाऊन बघावं, हे काही सुचलं नाही. खरं लिहायचं तर सुचलं होतं. त्या खोलीला वास यायचा, आणि त्या माझ्याकडं एकटक बघत राहायच्या, त्याची मला भीती वाटायची. हातात काम असल्याशिवाय मी त्या खोलीत पाऊल ठेवत नसे.

भावोजी कचेरीतून आले तेव्हा गाडी माझ्या पायाशी होती. साखर, केळं, शिरा, असा सगळा नैवेद्य तिच्यावर. त्यांनी विचारलं, "रिकामी आलती का?"

"व्हय. मी भरून दिली, तर त्या परत धाडतात. आता काय देऊ?"

ते खालीच बसले. गाडी जवळ ओढून म्हणाले, "काही द्यायचं नाय, वहिनी. रिकामी म्हणजे नुसतं या. मला रोज संध्याकाळी धाडती ती."

"मग मला सांगायचं नाही का?"

"ते सांगायचं असतंय व्हय?" त्यांनी खरंच विचारलं. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उलट बोलले असते.

मी आत गेले. हातात काही नव्हतं, त्यामुळं हात कुठं ठेवावेत ते कळेना. खाटेशी बसले आणि म्हटलं, "आत्याबाई, मी आले." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि डोळे मिटून घेतले. दिवेलागणीपर्यंत मी तिथंच होते. गाडी स्वयंपाकघरातच राहिली. कळ कोणी मागं ओढली नाही.

पुढं जेमतेम दोन महिने मिळाले. तेरावं झाल्यावर भावोजींनी ती गाडी मोडली. मी ओरडले, "निदान ती तरी ठेवायची!" तर म्हणतात, "ठोकळे कमी पडतात, वहिनी." नंतर त्या ठोकळ्यांची क्रेन झाली, मालगाडी झाली, आणखी काय काय झालं.

आता आमचे हेही गेले. घरात आम्ही दोघंच म्हातारे. भावोजींची बोटं थरथरतात, टिकलीवर टिकली बसत नाही, म्हणून गेलं वर्षभर पेटी नुसतीच उघडी असते. ऐकूही कमी येतं. दुपारचं आवरलं की मी त्यांच्या खोलीत जाते. ते मान वर करून विचारतात, "काही पाहिजे का, वहिनी?"

मी मानेनंच नाही म्हणते.

"मग बसा," ते म्हणतात, आणि मला जागा व्हावी म्हणून पेटी थोडी बाजूला सारतात.