पट्टी कोण उतरवतं?

विद्यापीठात त्या मॅडम. गुरुवारी संध्याकाळी मात्र शाळेच्या रिकाम्या वर्गात चाळीस जण मिळून गायचे, तिथे त्या नुसत्या ताई. आणि खरं सांगू? मॅडमपेक्षा ताई असण्यातच त्यांचा जीव रमायचा. घरी पाहुणे येवोत नाहीतर आभाळ कोसळो, गुरुवार म्हणजे गुरुवार!

संशोधनही गाण्यावरच. साथीच्या वाद्याशिवाय गाणारे लोक गाता गाता खालच्या पट्टीत का घसरतात? त्यांचा समूह तर हमखास घसरायचा. मग ताईंनी प्रत्येकाच्या कॉलरला छोटा माईक लावला, सहा गुरुवार रेकॉर्डिंग केलं आणि एकेक आवाज वेगळा काढून तपासला. संशय होता समूहातल्या एका शिंप्यावर. बिचारा शिंपी! सगळ्यांत आधी घसरत होता तो अठरा नंबरचा माईक, आणि तो ताईंच्याच कॉलरला होता.

दोन दिवस त्यांना घास गेला नाही. शोधनिबंधात खरं लिहायचं, आणि चाळीस जणांचं गाणं आपणच नासवतो हे कळल्यावर परत तिथे कुठल्या तोंडाने उभं राहायचं?

"अगं, गप्प बस की," नवरा म्हणाला.

"मला कळलंय ना आता!" त्या रडवेल्या झाल्या.

गुरुवारी सगळ्यांसमोर त्यांनी सांगून टाकलं. "अठरा नंबर मी आहे. पुढच्या गुरुवारपासून मी येत नाही."

मग शिंपी जो हसत सुटला! "एवढंच होय? ताई, हे आम्हाला बारा वर्षं ठाऊक आहे!"

सगळा वर्ग खो-खो हसायला लागला. ताईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"बारा वर्षं? आणि कोणी बोललं नाही?"

पोस्टातून निवृत्त झालेल्या, समूहाचं गाणं बसवणाऱ्या काकू डोळे पुसत पुढे आल्या. "बोललो असतो तर तू गेली असतीस. अगं, गाण्यात रंगलीस की तू डोळे मिटतेस आणि हळूच खाली येतेस. एकटी उतरलीस तर बेसूर वाटेल, म्हणून आम्ही सगळेच तुझ्यामागून उतरतो. आता जागेवर उभी राहा बघू."

ताई उभ्या राहिल्या. नाक ओढत, हसत, रडत गायल्या. दुसऱ्याच कडव्याला त्यांचे डोळे मिटले, आणि एकोणचाळीस जण निमूटपणे त्यांच्या मागोमाग खाली उतरले.