गारवा राखणारा

सायखेड्याजवळच्या एका शीतगृहात भावाची द्राक्षं ठेवलेली असतात, म्हणून माझं तिथे जाणं-येणं असतं. तिथला ऑपरेटर मीटर बघण्याआधी दाराच्या फटीवरून तळहात फिरवतो आणि स्वतःशीच "हं" म्हणतो. एरवी फारसं बोलत नाही, पण दार जरा जास्त वेळ उघडं राहिलं तर मालकावरही ओरडतो.

मी कॉलेजात भूगोल शिकवतो. एकदा ट्रकची वाट बघताना त्याला माझा नवा लेख वाचून दाखवला. समुद्राच्या तळाखाली थंडीमुळे आणि दाबामुळे मिथेन वायू बर्फात कोंडलेला आहे. पाणी तापलं की तो बर्फ वितळून वायू सुटतो. शेवटी मी लिहिलं होतं, एक दिवस हे सगळं एकदम फुटेल.

"एकदम कसं, सर?" तो म्हणाला. "माल एकदम नाय नासत. आधी दाराजवळचा, कडेचा क्रेट जातो."

खोलवर ऊब पोचायला शतकं लागतात, सुटलेला बराचसा वायू पाण्यातच जिरतो, आणि धोका आधी समुद्रतळाच्या उताराच्या वरच्या, उथळ कडेला असतो, हे मला ठाऊक होतं. वाचक दचकावा म्हणून मी ते गाळलं होतं. शेवटचं वाक्य तिथेच खोडलं.

"म्हणजे घाबरायला अजून वेळ आहे," मी हसून म्हणालो.

तो हसला नाही. "कडेचा गेला ना सर, की त्याच्या मागचा कडेचा होतो."