तारप्याजवळची खुर्ची

पत्रक मीच लिहिलं होतं. विद्यापीठात नाच आणि नाटकाचा अभ्यास केला, तिथून चिन्हमीमांसा शिकून सायवनकडच्या आमच्या पाड्यावर परतले, आणि दिसेल त्याच्यात खुणा वाचत सुटले. तारप्याचा नाच घ्या. मधे भोपळ्याचा लांब तारपा फुंकणारा, भोवती एकमेकांच्या कमरेला हात घातलेली माणसांची रांग. तारप्याकडे कुणी पाठ करायची नाही, हा नेम. मग बाहेरून बघणाऱ्याला काय दिसतं? पाठी. तेव्हा पाड्यातून जाणाऱ्या रस्त्याची मोजणी आम्हाला न विचारता चालली होती. मी छापलं: ही पाठ म्हणजे आमचा नकार. जो आम्हाला विचारत नाही, त्याला आमचं तोंड दिसणार नाही.

वाक्य मला आवडलं होतं. अजून आवडतं.

त्यानंतर तलासरीच्या मैदानावर सरकारी कार्यक्रम ठरला, पाहुणे म्हणून मोजणीचा हुकूम देणारे मंत्री येणार होते. नाच आमच्या पाड्याचा, तारपा माझ्या मामाचा. घोषणा नाहीत, फलक नाहीत, निव्वळ नाच, असा शब्द मामाने बंदोबस्तावरच्या साहेबांना दिला होता. जुन्या मोर्चाची केस त्याच्यावर चालूच होती. पुन्हा काही झालं तर जामीन रद्द होईल, असं वकिलांनी मला बजावलं होतं. जमीन वाचवायला गेलेला माणूस आरोपी, आणि न विचारता मोजणारे पाहुणे.

मैदानावर पोचलो तर साहेबांच्या हातात माझं पत्रक.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"म्हणजे आज पाहुण्यांना पाठ दाखवणार."

"साहेब, आमच्या आजा-पणजापासून नाच असाच हाय," मामा म्हणाला.

"असेल. पण आता त्याचा अर्थ छापून आलाय ना. तोंडं स्टेजकडे करून नाचा. नाहीतर मी निषेध धरीन. शब्द तुम्ही दिलाय, काका."

स्टेजकडे तोंड करायचं तर रांगेची तारप्याकडे पाठ होणार. तसा मामाने कधी तारपा फुंकला नव्हता, फुंकणारही नव्हता. मामी पदर खोचत माझ्या कानाशी आली. "नाचाला जीभ नव्हती, ती तू लावलीस. आता कर त्याला गप्प."

गाड्यांचे सायरन जवळ येत होते. विरचना शिकवताना आमचे सर सांगायचे, कुठलीही खूण एका अर्थाला बांधलेली राहत नाही. तोंड आणि पाठ, आत आणि बाहेर, अशी जोडी दिसली की तिला ढकलून बघा. वर्गात ढकलायला मजा यायची. इथे ढकललं तर मामा पडणार होता.

"साहेब, पाठ बाहेर उभा राहील त्यालाच दिसते," मी म्हणाले. "आत आलेल्याला सगळी तोंडंच दिसतात."

"पत्रकात तसं नाही."

"पत्रकात अर्धंच आहे."

साहेबांनी माझ्याकडे, मग गाड्यांकडे बघितलं. "बरं. एक खुर्ची आत टाका रे."

खुर्ची. माझ्या डोक्यात खुर्ची नव्हतीच. पांढरं कापड घातलेली खुर्ची मामाच्या शेजारी आली, पाहुणे बसले, तारपा घुमला आणि आमची रांग फिरायला लागली. सगळ्यांची तोंडं तारप्याकडे, म्हणजे खुर्चीकडे. फोटोवाल्यांनी धडाधड फोटो काढले. उद्या पेपरात दिसणार, हे मधे आणि आम्ही यांच्याभोवती नाचतोय. मामा वाचला म्हणून हायसं वाटत होतं, त्याच वेळी रडू येत होतं.

आणि मग मामा चालायला लागला. तारपेवाला एका जागी थांबत नाही, फुंकता फुंकता सरकतो. रांग त्याच्यामागे वळली. खुर्ची आधी वर्तुळाच्या कडेला आली, मग रांग तिला वळसा घालून पुढे गेली आणि खुर्ची बाहेर राहिली. पाहुण्यांसमोर आता आमच्या पाठी. ओरडून मामाला थांबवावं तर पाठीचा अर्थ मीच कबूल केल्यासारखं, तोच निषेधाचा पुरावा. साहेब उभे राहिले. पाहुणे मात्र तालावर मांडी थोपटत होते.

नाच थांबल्यावर साहेब मामाजवळ गेले. "हे काय केलंत?"

"तारपा चालतो, साहेब." मामाला धाप लागली होती.

तेवढ्यात पाहुणे येऊन मामाच्या खांद्यावर हात टाकून सेल्फी काढायला लागले. साहेबांनी पत्रकाची घडी खिशात घातली. "घरी जा," एवढंच म्हणाले. ती घडी कोर्टात निघेल, या धास्तीने मी कित्येक दिवस धड जेवले नाही.

परतताना टेम्पोत मी मामाला विचारलं, "मुद्दाम सरकलास?"

तो बाहेर बघत म्हणाला, "हे लिहू नको."

"का?"

"तू लिहिलंस की मुद्दामच होईल."

मामी हसली. मला हसू आलं नाही.

मामा केसमधून सुटेपर्यंत मी यातलं अक्षर लिहिलं नाही. आता सुटला आहे, तरी लिहिताना हात आखडतो. रस्त्याची मोजणी पुन्हा सुरू झालीय, आणि तारपा अजून मामाच फुंकतो.