गाठीला भ्याले नाही, डॉक्टरला भ्याले

"बाळ छान आहे. पण गर्भपिशवीत गाठ पण दिसतीय." डॉक्टर मॅडम एवढं बोलल्या आणि मी सोनोग्राफीच्या टेबलावर उठूनच बसले. चौथा महिना चालू होता.

"पिशवी काढू देणार न्हाई," मी म्हटलं.

"कोण काढतंय?"

कोण काढतंय म्हणे! आमच्या वस्तीवर ऊसतोडीला जाणाऱ्या बायांत पिशवी शाबूत असलेली शोधावी लागते. माझी आई पांढरं जातंय म्हणून दाखवायला गेली, तर 'कॅन्सर होईल' असं भ्या घालून एका दवाखान्यात तिची काढली. तिशीसुद्धा उलटली नव्हती.

मॅडमनी समजावलं. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूची गाठ, बहुतेक वेळा कॅन्सरची नसते. गरोदरपणात ती काढत नाहीत, नुसतं लक्ष ठेवतात. मी मान डोलावली. मनात म्हटलं, एवढी गोड बोलतीय म्हणजे डाळीत काहीतरी काळं हाय.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "आदी गाठ म्हणत्यात, मग पिशवी मागत्यात. पुन्ना पाय टाकायचा न्हाई तिथं."

पाचव्या महिन्यात भाकरी थापताना ओटीपोटात कळ आली ती थांबेचना. ताप भरला. मी ओव्याचं पाणी पीत तीन दिवस पडून राहिले, नवऱ्याला सांगितलं, पित्त झालंय. दवाखान्यात गेलं तर पिशवी जाईल, नाही गेलं तर बाळ जाईल, हे कळत होतं, तरी हलले नाही. आज आठवलं की माझा मलाच लई राग येतो. चौथ्या दिवशी नवऱ्यानं काही न ऐकता जीपमध्ये घातलं आणि मॅडमकडं आणलं.

मॅडमनी सांगितलं, गाठ वाढते, तिला रक्त पुरत नाही, मग दुखते. त्याला रेड डिजनरेशन म्हणतात. उपाय काय, तर सलाईन, आराम आणि गरोदरपणात चालणारी दुखण्याची गोळी. ऑपरेशन नाही. तरी प्रत्येक गोळीचं पाकीट मी नर्सकडून मागून वाचलं, मगच गिळली.

"संशय घे," मॅडम म्हणाल्या, "पण इथं येऊन घे. घरी बसलीस तर मला बाळाचे ठोके कसे ऐकू येणार?"

नवव्या महिन्यात गाठ बाळाच्या वाटेतच निघाली, सिझर ठरलं. सहीच्या कागदावर होतं, रक्त थांबलं नाही तर गर्भाशय काढावं लागेल. "बघ, आलं का न्हाई?" आई म्हणाली. मी पेन खाली ठेवलं.

मॅडम शेजारी बसल्या. म्हणाल्या, आधी औषधं, मग टाके, जिवावर बेतलं तरच पिशवी काढायची.

"मग हे पण लिवा."

त्यांनी माझ्यासमोर लिहिलं. मी सही केली.

मुलगी झाली. रक्त बरंच गेलं, वरून चढवावं लागलं. टाके पडताना मी सारखी विचारत होते, "पिशवी हाय ना?" शेवटी मॅडमच म्हणाल्या, "हाय, बाई, हाय!"

तरी सव्वा महिन्यानं दुसऱ्या गावी जाऊन गुपचूप सोनोग्राफी केली. पिशवी जागेवर, गाठ आकसलेली. रिपोर्ट मॅडमच्या पुढं ठेवला, म्हटलं, तुमच्यावर विश्वास नव्हता. वाटलं, आता खवळतील. त्या म्हणाल्या, "बरं केलंस. बघू, मला पण दाखव." मला तिथंच रडू फुटलं.

बायांनो, मॅडमचे उपकार मी विसरणार नाही. पण तुमी विचारा, काय काढताय, कशापायी काढताय. नीट सांगितलं तर थांबा. अंगावर आले तर उठा आणि दुसऱ्या दवाखान्यात जा. घरी येऊन तेवढं बसू नका.