गुडघ्यासाठी घेतलेली गोळी

माझा भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. सेनगावच्या पुढं आमचं गाव. बा मेंढरांमागं, माय शेतात, म्हणून तो माझ्याच कडेवर वाढला. बोलायला लागला तसा दिवसभर बोलतच राहायचा. माळावर बाला भाकरी द्यायला आम्ही दोघं जायचो. कोणत्या मेंढीला कोणतं कोकरू झालं, आमचं कुत्रं कोणाच्या कुत्र्याला भितं, सगळं त्याच्याकडं असायचं. मी वैतागून म्हणायचे, "जरा गप बस की रे." आता वाटतं, कशाला म्हटलं असेल.

मी शिकले, हिंगोलीत एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयात कारकून म्हणून लागले, तिथंच लग्न झालं. बारावी झाल्यावर भाऊ आमच्याकडं राहायला आला. त्याला पोलिस भरतीत जायचं होतं. आमच्या दोन खोल्या, पण त्याच्या येण्यानं त्या मोठ्या झाल्यासारख्या वाटल्या. पहाटे पाच वाजता तो मैदानावर पळायला जायचा, सातला घामाघूम होऊन यायचा आणि माझ्या लेकीला खांद्यावर बसवून दारात फिरवायचा. ती तेव्हा चार वर्षांची होती. मामा आल्याशिवाय दूध प्यायची नाही.

त्या हिवाळ्यात त्याचा गुडघा दुखायला लागला. मी हळद-तेल लावून दिलं, पट्टा आणून दिला. डॉक्टरांनी महिनाभर पळू नको म्हणून सांगितलं. भरती तोंडावर आलेली, तो काय ऐकतो! आठ दिवसांनी बघते तर भाऊ पुन्हा मैदानावर पळून राहिला.

"गुडघा?" मी विचारलं.

"राहिला, आक्का. मैदानावरच्या एका पोरानं गोळी दिली. दुखणं कुठल्या कुठं गेलं."

मी बरं झालं म्हटलं. दुखण्याची गोळी, त्यात काय विचारायचं? पुढचे तीन-चार महिने आमच्या घरात जो आनंद होता तो मी कसा सांगू! तो हसायचा, गाणी म्हणायचा, मी कामावरून आले की चहा करून ठेवायचा. "आक्का, मला आता काहीच अवघड वाटत न्हाई," असं एकदा म्हणाला. नंतर कळलं की त्या आनंदात निम्मा वाटा गोळीचा होता. पण खोटं कशाला बोलू, मला अजूनही त्या दिवसांची आठवण येते. त्या चहाची येते.

भरतीत तो थोडक्यात राहिला. गोळाफेकीत गुण कमी पडले. घरी आला, शूज काढले आणि भिंतीकडं तोंड करून झोपला. मी समजले, दुःख आहे, निघून जाईल. पण तो दिवसा झोपायला लागला. सारखं अंग खाजवायचा. ताटावर बसून दोन घास खायचा आणि उठायचा. संडासात अर्धा अर्धा तास लावायचा. लेक त्याच्या पाठीवर चढायला गेली की तो हळूच तिला खाली उतरवायचा. आणि बोलणं संपलं. आमच्या घरातलं बोलणंच संपलं.

एका रविवारी मी गाद्या उन्हात टाकायला काढल्या. त्याच्या गादीच्या खोळीत गोळ्यांची रिकामी पाकिटं होती. एक-दोन नव्हती, ओंजळभर होती. तो अंघोळ करून बाहेर आला तसं मी ती त्याच्यासमोर धरली.

"हे काय आहे?"

"गुडघ्यासाठी."

"एवढ्या? काहून खातोस एवढ्या? काय कमी केलं तुला आम्ही?"

तो टॉवेलनं डोकं पुसत राहिला. मी त्याच्या तोंडात मारली. जन्मात पहिल्यांदा. मग लेकीला पुढं ओढलं आणि म्हणाले, "हिच्या डोक्यावर हात ठेव. पुन्हा खाणार न्हाई म्हणून शपथ घे."

त्यानं हात ठेवला. शपथ घेतली. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या नाकातून पाणी यायला लागलं. अंगावर काटा, जांभया, जुलाब, पाय एका जागी ठरेनात. गादीवर आडवा पडून नुसता पाय घासायचा. मी समजले, ताप-सर्दीची साथ आहे. आल्याचा काढा दिला, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. तिसऱ्या दिवशी तो दुपारी बाहेर गेला आणि तासाभरानं परत आला तो एकदम बरा होऊन. मला हायसं वाटलं. इतकी मी अडाणी होते. रोज शेकडो पोरांचे दाखले लिहिते आणि माझ्याच घरातलं पोरगं मला वाचता आलं नाही.

त्या दिवसानंतर त्यानं माझ्या लेकीला जवळ घेणं बंद केलं. ती "मामा, मामा" करत मागं जायची, तो खोलीचं दार लावून घ्यायचा. आठवड्यानं "आक्का, गावाकडं जातो" म्हणून पिशवी भरली. मी थांबवलं नाही.

उन्हाळ्यात तो पुन्हा मैदानावर यायला लागला, गावाहून सकाळच्या जीपनं. आमच्या घरी मात्र यायचा नाही. एक दिवस मी कार्यालयात नुकतीच जाऊन बसले होते, तेवढ्यात मैदानावरच्या एका पोराचा फोन आला. "ताई, तुमचा भाऊ पडला. तोंडातून फेस येऊन राहिला."

मी दवाखान्यात पोचले तेव्हा त्याची शुद्ध परत येत होती. जीभ चावल्यानं ओठांवर रक्त होतं. दुपारी माय आणि बा आले. मायनं मोठ्यानं रडायला सुरुवात केली. "कोनाची नजर लागली माझ्या लेकराला! ह्याला बाहेरचं झालं, आपुन याला नेऊ कुठंतरी." बा कांबळं अंथरून पोराच्या खाटेशेजारी बसला तो उठलाच नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत एक डॉक्टरीणबाई आल्या. माझ्यापेक्षा वयानं लहान असतील. आम्हाला बाहेर जा म्हटलं नाही, खुर्ची ओढून त्याच्या उशाशी बसल्या.

"किती गोळ्या होतात दिवसाला?"

भावानं छताकडं बघत सांगितलं, "बारा. कधी पंधरा."

"नाही घेतली तर काय होतं?"

"पाय तुटतात, मॅडम. असं वाटतं कातडीच्या आत मुंग्या आहेत. झोप येत न्हाई. मेलेलं बरं वाटतं."

मी तिथंच उभी होते. माझ्यापासून सहा-सात महिने लपवलेलं त्यानं एका अनोळखी बाईला दोन मिनिटांत सांगितलं. मला तिचा राग आला, खरंच आला. मग लक्षात आलं, मी त्याला एवढे दिवस फक्त 'काहून' विचारत होते. त्या प्रश्नाला त्याच्याकडं उत्तरच नव्हतं. बाईंनी विचारलं त्याचं होतं.

त्यांनी मला नंतर बाजूला बसवून समजावलं. ही दुखण्याची गोळी सवय लावते, जास्त झाली की फिट येते. अचानक बंद केली की शरीर बंड करतं, ती सर्दी नसते. मी त्यांना शपथेचंही सांगितलं. "त्यानं शपथ मोडली नाही," त्या म्हणाल्या, "ती त्याला पाळता येण्यासारखी नव्हतीच. एकट्यानं जमत नाही हे. आम्ही औषध देऊ, तुम्ही सोबत द्या. रोज चौकशी करू नका, खिसे तपासू नका. आणि तो परत घसरला तर घाबरू नका. मात्र मधे खंड पडल्यावर आधीएवढ्या गोळ्या घेतल्या तर जीव जाऊ शकतो, म्हणून त्याला ते लपवावं लागू नये असं घर पाहिजे."

लपवावं लागू नये असं घर. आमचं घर तसं होतं का?

बानं त्याला गावी नेलं. दर आठवड्याला तो हिंगोलीला आला की तपासणीला न्यायचं काम माझं. दवाखान्याबाहेर बाकावर आम्ही दोघं बसायचो. मला विचारावंसं वाटायचं, घेतलीस का, मैदानावरची पोरं भेटली का, जिभेवर यायचं आणि मी गिळून टाकायचे. मग मी कार्यालयातलं काहीतरी सांगायचे, कोणत्या पोरानं दाखल्यासाठी काय सोंग केलं वगैरे. तो "हं" म्हणायचा. एवढंच. माळावर मला गप बसू न देणारं ते लेकरू माझ्या शेजारी बसून होतं आणि मी त्याच्या एका शब्दासाठी झुरत होते.

बानं मात्र त्याला काहीच विचारलं नाही, काही समजावलंही नाही. सकाळी काठी हातात दिली आणि मेंढरांमागं सोबत नेलं. एकदा मी गावी गेले तेव्हा माय हळू आवाजात म्हणाली, "तुझा बा आता गुरावानी हळू चालतो. पोराचा गुडघा दुखतो म्हनून. इचारलं तर म्हनतो, मलाच दम लागतो."

चार महिने बरे गेले. त्याचा चेहरा भरला. मायनं शेजारणींना सांगायला सुरुवात केली की पोरगं नीट झालं.

मग एका दुपारी त्याचा फोन आला. मागं ट्रकांचे आवाज.

"आक्का, मी खाल्ली."

'काहून' हा शब्द ओठांपर्यंत आला होता.

"किती?"

"तीन."

"आणखी आहेत जवळ?"

"हायेत. पाकीट आहे. म्हणूनच फोन केला."

"कुठं हायस?"

"कनेरगाव नाक्यावर. ढाब्यावर."

"तिथंच बस. चहा पी. मी येऊन राहिले."

साहेबांना भाऊ आजारी आहे एवढंच सांगितलं आणि वाशीमकडं जाणारी जी पहिली जीप मिळाली तिच्यात बसले. वाटेत डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, झोपू देऊ नका, घेऊन या, रागावू नका.

तो ढाब्याच्या बाहेरच्या खाटेवर बसला होता. चहा तसाच गार झालेला. मला बघून उभा राहिला आणि पाकीट माझ्या हातात दिलं. जुना एक दोस्त वाशीमला निघाला होता, हा सोबत आला, दोस्तानं खिशात पाकीट घातलं. एवढंच घडलं होतं. मी त्याच्या शेजारी बसले, दोन नवे चहा सांगितले.

"तू मारणार न्हाईस?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

"मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोललो, आक्का. तिला काही झालं असतं तर? रोज वाटायचं, आज तिला ताप आला असंल, आज ती पडली असंल. ते वाटू नये म्हणून पुन्हा खायचो."

मी इतके महिने ज्या गोष्टीचा विचारही केला नव्हता ती ही होती. मला रडू आवरेना. ढाब्यावरचे ड्रायव्हर बघायला लागले.

"तिला काही झालं न्हाई, होणार बी न्हाई," मी म्हणाले. "शपथ घालायची चूक माझी होती. तुझी न्हाई. मी तेव्हा घाबरले होते रे."

तो माझ्या पदराला धरून बसला, लहानपणी बसायचा तसा. मग आम्ही हिंगोलीची जीप धरली आणि सरळ दवाखान्यात गेलो. औषध पुन्हा सुरू झालं. त्यानंतर एकदा आणखी घसरला, तेव्हाही त्यानंच फोन केला.

आता त्या गोष्टीला दीड वर्ष होऊन गेलंय. मैदानावरची सगळी पोरं इथंच, म्हणून तो स्वतःच म्हणाला की मी जरा लांब राहतो. दुसऱ्या जिल्ह्यात एका शेळीपालन केंद्रावर तो कामाला आहे. शेळ्यांची त्याला उपजत जाण, मालक खूश आहे. तिथल्या सरकारी दवाखान्यात महिन्याला जाऊन येतो. लोक मला म्हणतात, भाग्य समज. मी समजते. मैदानावरच्या, तीच गोळी खाणाऱ्या एका पोराला परत शुद्ध आलीच नाही, त्याच्या आईला मी भेटून आले आहे. त्या बाईसमोर मला माझा भाऊ हवाय असं म्हणायला तोंड नाही.

पण हवाय. तो बरा आहे आणि तरी हवाय. त्याचं आताचं बोलणं तोलून-मापून असतं, पावलं जपून टाकल्यासारखं. परवा रविवारी फोन आला तर विचारत होता, ज्वारीच्या पिठाला पाणी किती गरम लागतं. त्यानं गॅसची शेगडी घेतली आहे, भाकरी थापताना चिरते म्हणाला. मी सांगितलं, पाणी उकळू दे, पीठ चांगलं मळ, हाताला पाणी लाव. तो तव्याशी उभा होता, फोन चालू ठेवून. मला तव्याचा आवाज येत होता.

"फुगली का?" मी विचारलं.

"अर्धी."

"ये ना चार दिवस इकडं. पोरगी रोज विचारते."

"येतो," तो म्हणाला. "थोडं थांब, आक्का. येतो."

मी बरं म्हटलं.