आत्याच्या अंगणात दीड टन गारवा

“बुद्धपौर्णिमेले बाईच्या हातची खीर खायची,” बाबांनी महिनाभर घोशा लावला होता. बाई म्हणजे त्यांची मोठी बहीण, माझी आत्या. ती बुलढाणा जिल्ह्यात, चिखलीजवळच्या उंद्रीला राहते आणि गुडघ्यांमुळे आता प्रवास करत नाही. बाबांची बायपास झालेली, डॉक्टरांनी ऊन बंद केलेलं. आणि बुलढाण्यातला मे! शेवटी मी भाड्याने कॅम्परव्हॅन घेतली. छतावर दीड टनाचा एसी. एवढ्याशा डबीत हिवाळाच होणार, असं मी ऑफिसभर सांगत सुटले.

सकाळी पुण्याहून निघालो. संभाजीनगर, जालना, देऊळगाव राजा, चिखली असा रस्ता, बराचसा झकास. जालन्यापुढच्या ढाब्यावर झणझणीत शेवभाजी मिळाली. बाबांना नुसता वास. संध्याकाळी उंद्रीत पोचलो, गाडी आत्याच्या अंगणात लावली.

पौर्णिमेच्या सकाळी घरातून वायर ओढून छतावरचा एसी लावला. अकरा वाजले तरी आत नुसती चिकचिक, बाबांचं कपाळ घामाने डबडबलेलं.

“बाबा, एकपर्यंत थंड झालं नाही तर निघायचं. खीर डब्यात घेऊ.”

ते भिंतीकडे तोंड करून पडले. आत्याने तडक चिखलीहून एसी मेकॅनिकला बोलावलं.

तो आला आणि गाडीच्या खिडकीपाशी थबकला. “इथं कूलर कोनं लावला?”

“म्या लावला,” आत्या म्हणाली. “माहा भाऊ उकडून राह्यला, मी काय पाहत बसू?”

खिडकी अर्धी उघडून तिला शाबासकी मीच दिली होती, हे मी सांगितलं नाही.

“कूलर ओली हवा आत घालून राह्यला, एसी त्यातलं पानी काढून राह्यला. मंग थंड कवा करन तो? वरतून टप तापला. टन म्हंजे जादू नाही, ताई. आत येते ते गरमी त्याले बाहेर फेका लागते. आधी येनारी गरमी थांबवा.”

कूलर हटला, खिडक्या बंद झाल्या, काचांना आतून चादरी लागल्या, फिल्टर धुतला. शेजाऱ्यांनी बांबू आणि तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्या आणून गाडीवर मांडव घातला. एसीच्या वर मात्र गरम हवा निघायला मोकळी जागा ठेवली.

“लगन कोनाचं हो?” रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं.

“गाडीचं!”

पाऊण वाजता बाबा म्हणाले, “शाल दे बरं.” मी चक्क नाचले. आत्या स्टुलावर पाय देत, कण्हत गाडीत चढली. दोघांनी एकाच ताटलीतून खीर खाल्ली, तिने पदर कानावर घेऊन. काय माणसं आहेत ही!

तुम्ही अशी गाडी घेणार असाल तर नुसता टन विचारू नका. टपाला आतून उष्णतारोधक अस्तर आहे का ते बघा, सावली शोधा आणि गाडी तापायच्या आधीच एसी लावा.

पुण्यात परतून आठवडा झाला, तेव्हा मी आत्याला फोन केला. मांडव काढायला माणूस मिळाला का, विचारलं.

“काऊन काढू?” ती म्हणाली. “भाऊ आला तं गाडी उन्हात उभी करन का?”