जुठे भांडे घेऊन मशीन पाहायले

मशीन म्हणलं की आमच्या तुमसरकडचा माणूस पहिले धानाच्या गिरणीकडं पाहाते. तुम्हीही पाहिलं असन. आता म्हणाल, पट्ट्यात कोणाचा तरी हात गेला असन, नाही तं गिरणीवाल्याच्या पोरीवर याचा जीव जडला असन. तसं काही नाही. गोष्टीत हात आहे, पण पट्टा नाही. पोरगी तं अजिबातच नाही, तिची वाट पाहू नका. ही भांडे घासायच्या मशीनीची गोष्ट आहे. अन् तेही ऐंशीच्या मागंपुढं, जेव्हा आमच्या गावात लाईन जाणं रोजचं होतं अन् ती टिकणं ही बातमी होती.

हात होते माह्या मायचे.

त्या साली पावसाळ्यात तिच्या दोन्ही हातायचं कातडं सोलून निघालं. बोटायच्या सांध्यात भेगा, भेगायत राखड. पहिले तिनं एरंडीचं तेल लावलं, मंग शेजारणीनं सांगतलेला कोणता तरी पाला. काहीच फरक पडला नाही. तुमसरच्या डॉक्टरनं हात उलटेपालटे करून पाहिले अन् म्हणे, "बाई, तीन महिने राखड नाही, सोडा नाही, पाणी नाही. ऐकलं नाही तं पुढं मूठ मिटणार नाही तुमची." त्यानं मलम लावून पांढऱ्या पट्ट्या बांधल्या. घरी येईपर्यंत माय त्या पट्ट्यायकडं अशी पाहे, जशी कोणी दुसऱ्याची वस्तू तिच्याजवळ सांभाळायले देली.

आता घासणार कोण? बहिणी दोघी सासरी. दिवस रोवण्याचे, गावातल्या साऱ्या बाया बांधीत धानाचं रोप लावून राहिल्या होत्या. जिले विचारलं ती म्हणे, "रोवणा झाला की येतो ना बाई." अन् रोवणा कधी झाला असता? भादव्यात.

मंग मी होतो. एकोणीस वर्षाचा, बारावीत एकदा आपटलेला, बिनकामाचा. मले एकच धंदा येत होता, आवाज काढणं. हेडमास्तरचा खोकला, ग्रामसेवकाची फटफटी, रेडिओवरची खरखर, भाटव्याचं, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचं, घोरणं, सारं तोंडानं. म्हणून मीच एक दिवस विहिरीजवळच्या दगडावर भांडे घेऊन बसलो. दोन थाळ्या झाल्या नसतीन तं माय धावत आली.

"ऊठ! ऊठ पहिले! रस्त्यावरून लोक पाहून राहिले!"

"पाहू दे ना. तिकीट थोडीच लागते."

"तुही सोयरीक करायची आहे उद्या. पोट्टा भांडे घासते म्हणून गावभर होईन. ऊठ म्हणतो ना!"

मी उठलो. अन् ती बसली. युरियाच्या पोत्यातली प्लास्टिकची थैली असते ना आतली, ती फाडून तिनं हाताले बांधली अन् घासू लागली. थैली फाटे, पाणी आत जाये, अन् दातातून "स्स" असा आवाज ये. मी घरात बसून ऐकत राहो. साऱ्या गावाचे आवाज मी काढले, हा एक कधी काढला नाही.

अशात माह्या बाबूजीनं बाजारातून बातमी आणली. नाकाडोंगरीकडं खाणीवर एका साहेबाची बदली झाली होती अन् मेमसाब घरातलं सामान विकून राहिली होती. त्यात परदेशातून आणलेली भांडे घासायची मशीन होती.

"आपोआप घासते म्हणे," बाबूजी म्हणाले. "बटन दाबाचं अन् ओट्यावर जाऊन बसाचं."

"अन् चुलीचं काळं?" मायनं विचारलं.

"तेच तं पाहाचं आहे."

बाबूजीचा स्वभाव असा की बैल घ्यायचा तरी आधी नांगराले जुंपून पाहात. त्यायनं मशीनीची चौकशी अशी चालू केली जशी सून पाहायले जायचं आहे. पाणी किती लागते? लाईन गेली तं मधातच बसून राहाते काय? पितळ चालते काय तिले, का चिनीमातीच पाहिजे? अन् शेवटी म्हणाले, "ते लोक कपबशी धुवून दाखवतीन. आपल्याले आपला भात रांधायचा गंज धुवून पाहिजे. जुठे भांडे सोबत न्या."

झालं. मायले वाटलं जमीन फाटावी. दुसऱ्याच्या घरी जुठे भांडे घेऊन जायचं? तेही साहेबाच्या बंगल्यावर? रात्रभर ती कुरकुर करत होती. पण हातायची आगही रात्रभर होती, म्हणून सकाळी तयार झाली. मुद्दाम सारं रांधलं. भाताचा मोठा गंज, बुडाले आतून जळक्या भाताची खरपुडी लागलेला. दाळीची पितळी बटलोई. आंबाडीच्या भाजीची लोखंडी कढई. उभ्या काठाच्या दोन थाळ्या, पाणी प्यायचा एक गडवा, भाजी हलवायचा एक सराटा.

अन् इथंच घोटाळा झाला. आमच्याकडं चुलीवर भांडं ठेवायच्या आधी त्याच्या बुडाले बाहेरून ओल्या मातीचा लेप देतात. काळं मातीवर बसते, भांड्यावर नाही, अन् घासताना मातीसंगं सारं निघून जाते. रोजची गोष्ट. पण त्या दिवशी मायनं एका लेपावर दुसरा लेप देला, चांगला बोटभर जाड.

मी म्हणलं, "माय, गंज लिपून राहिली का घर?"

"अरे, नवीन आहे ना ती मशीन. आपलं काळं पाहिलं नसन तिनं कधी. तिले तरास कायले द्याचा?"

मले तं ते इतकं बरोबर वाटलं की मी स्वतः माती कालवून देली. हे मी कोणाले आजपर्यंत सांगतलं नव्हतं.

भांडे पोत्यात भरून आम्ही तिघं एसटीत बसलो. प्रत्येक खड्ड्याले पोतं वाजे. कंडक्टर म्हणे, "काय आहे बे त्याच्यात?"

"जुठे भांडे."

"कुठं चालवले?"

"साहेबाच्या बंगल्यावर. घासायले."

मायनं कोपरानं मले अशी ढुसणी देली की मी पोतं मांडीवर घेऊन बसलो.

मेमसाब चांगली बाई होती. पोतं पाहून तिनं नाक मुरडलं नाही, मायच्या पट्ट्या पाहून "अरे रे, बहनजी" म्हणलं अन् सरळ मोरीकडं घेऊन गेली. मशीन म्हणजे पांढरी पेटी, बाबूजीच्या कमरेइतकी. दार खाली उघडे. आत तारायच्या दोन जाळ्या, अन् मधात पंख्याच्या पातीसारखं काहीतरी. मेमसाबनं सांगतलं, हे पातं फिरते अन् गरम पाणी मारते. जाळीत बारीक बारीक खाचा होत्या, त्यात तिच्या सपाट प्लेटा बरोबर उभ्या राहात.

आमच्या थाळ्या काही उभ्या राहीनात. काठ खाचेत जाईना. आडव्या ठेवल्या तं गंजाले जागा नाही. गंज ठेवला तं वरची जाळी बसेना, म्हणून वरची जाळी काढली. कढईचे कान एकीकडं अडकले. सराट्याचा दांडा खाली निघाला अन् पात्याले लागला, म्हणून सराटा बाहेर. बाबूजी वाकून वाकून एकेक भांडं असं फिरवून पाहात, जसं बैलगाडीत कपाट चढवून राहिले.

"इतना बड़ा बर्तन?" मेमसाब म्हणे.

"घरात चारच माणसं आहोत जी, सालदार गडी धरून," बाबूजी म्हणाले. "पाहुणे आले तं याच्याहून मोठा निघते."

शेवटी गंज, बटलोई अन् एक थाळी कशीबशी बसली, अन् मेमसाबच्या दोन कपबशा. दार लागलं, बटन दाबलं. आम्ही व्हरांड्यात येऊन बसलो, चहा आला. मशीन आतून वाजे, ढुंऽऽक-सूऽऽ, ढुंऽऽक-सूऽऽ.

मले राहावते काय? दोन मिनिटात मी तो आवाज धरला. मशीन ढुंऽऽक करे, मी सूऽऽ करो. मंग मी पूर्णच करू लागलो. मेमसाब हसली. बाबूजीनं मिशीत हसू दाबलं. अन् माय हसली. त्या पावसाळ्यात पहिल्यांदा. पट्टी बांधलेला हात तोंडावर धरून ती इतकी हसली की तिच्या डोळ्यायले पाणी आलं. आता सांगा, मी कसा थांबो? मशीनीचं केलं, मंग मशीनीले खोकला आला तं कसा येईन ते केलं, मशीन घोरली तं कशी घोरन ते केलं. कपातला चहा थंडा झाला.

मंग आतला आवाज बदलला. घर्रऽऽ, घर्रऽऽ. जसं कोणी दगड चावून राहिलं.

"पुरे कर बे," बाबूजी म्हणाले.

"मी नाही करून राहिलो."

"मेमसाबसमोर अति करू नको. बस झालं."

"बाबूजी, खरंच मी नाही. मशीन करून राहिली."

"तोंड बंद ठेव!"

मी तोंडावर हात ठेवला. घर्रऽऽ चालूच. मेमसाब हसून म्हणे, "कितना हुनर है लड़के में, मुँह बंद करके भी करता है!"

"नाकातून करून राहिला तो," बाबूजी म्हणाले. "माहीत आहे मले याचा धंदा."

मी नाक धरलं. मी उभा झालो, आतल्या दाराकडं बोट दाखवलं, तं बाबूजीनं माहा हात ओढून खाली बसवलं. माय तेवढी माह्याकडं पाहून राहिली होती, अन् तिचं हसू हळूहळू गेलं. तिले समजलं होतं. पण ती काही म्हणे त्याच्या आधी जळका वास आला. आवाज मी काढतो, वास तं नाही काढत. तेव्हा सारे आत धावले.

मोरीभर लाल पाणी. बोटभर जाड मातीचा तो लेप गरम पाण्यानं सुटला होता, खालच्या जाळीत जाऊन बसला होता, अन् मोटर चिखल ओढता ओढता जळाली होती. मेमसाबनं भिंतीवरचं बटन बंद केलं. दार उघडलं तं थाळीत लाल पाणी काठोकाठ. तिच्या कपबशायवर मातीचे ओघळ. अन् गंजातली खरपुडी होती तशीच्या तशी.

माय पुढं गेली, वाकून गंजाच्या बुडाकडं पाहिलं. अर्धी माती गेली होती, अर्धी होती. ती मेमसाबकडं वळली अन् मोडक्या हिंदीत म्हणे, "माटी मैंने लगाया. उसको तरास नहीं होना करके."

मेमसाबले काही समजलं नसन. ती एवढंच म्हणे, "कोई बात नहीं, वैसे भी कौन ले जाता।" बाबूजीनं हात जोडले. मी चिंध्या घेऊन मोरी पुसली. ते तरी करू देलं मले, तिथं पाहायले गावचा रस्ता नव्हता.

परतीच्या एसटीत बाबूजी खिडकीकडं तोंड करून बसले. माय मधात, हात मांडीवर उलटे ठेवून. पट्ट्या मातीनं लाल झाल्या होत्या, तिनं जाळीतला मातीचा गोटा काढायले कधी हात घातला ते मी पाहिलंच नव्हतं. मले काहीतरी बोलाचं होतं. एकही आवाज आठवेना.

घरी आलो. तेच भांडे पोत्यातून काढले, त्यात घरी राहिलेले सकाळचे मिळवले अन् कोणाले न विचारता विहिरीजवळ बसलो. सालदाराची बायको रस्त्यानं चालली होती, थांबून पाहू लागली. पाहू दे. राखड घेतली, धानाच्या तणसाचा बोळा घेतला अन् गंज घासू लागलो. खरपुडी हटेना. मी जोर लावला तं गंज हातातून सुटून दगडावर आदळला.

माय आली. मले वाटलं आता ऊठ म्हणन. तिनं रस्त्याकडं पाहिलंही नाही. ती माह्यासमोर बसली, दातानं पट्टीची गाठ सोडली अन् माह्या हातातून गंज ओढला. मी परत ओढला. तिनं आणखी ओढला. तिच्या बोटायकडं पाहून माह्यानं जोर लावणं झालं नाही.

"सोड!" ती म्हणे. "आधी भिजू घालाचं असते, हेही माहीत नाही तुले? कोरडंच घासून राहिला बैताड. अन् बोळा असा धरतेत? साऱ्या गावाचे आवाज तोंडात भरून ठेवले, एकोणीस वर्षं माय समोर बसून भांडे घासते तिच्याकडं एक दिवस नीट पाहिलं नाही. ती मशीन परदेशाची होती, तिले नाही समजलं. तू कोणत्या देशाचा आहेस रे? सरक तिकडं. अन् रडतोस कायले? पाणी काढ, पाणी! बसून राहिला तसाच!"